गोलकीपरचं जेवण

आई, आज सकाळी तुझ्या गोलकीपरने मला त्याच्या दारातून परत पाठवलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. खाट टाकली, चहा पाजला आणि मग परत पाठवलं. येत्या रविवारी आमचा पहिला सामना आहे आणि गोलात उभा राहायला माझ्याकडे माणूस नाही. म्हणजे दोन आहेत. एक उभा राहायला तयार नाही, दुसरा हटायला. आणि दोघंही तुझीच रीत पुढे करतात. तू जाऊन बारा वर्षं झाली, हे मी दोघांनाही सांगून पाहिलं.

तुला माहीत नाही ते आधी सांगते. तुझ्यामागे दोन-तीन वर्षांत चिखला खाणीची आपली टीम संपली. भांडण झालं नाही, कोणी बंदही केली नाही. काही माणसं बदलीवर गेली, काहींची पोटं सुटली, आणि एका रविवारी मैदानावर सातच जण आले. बाबांनी चेंडूतली हवा काढून तो स्टोअरच्या फळीवर ठेवला. पुढे ते रिटायर होऊन मोहाडीजवळ काकांकडे राहायला गेले, मी शाळेच्या क्वार्टरमध्ये राहिले, आणि मैदानावर बकऱ्या चरू लागल्या. मग गेल्या वर्षी क्लबमध्ये टीव्ही आला. सगळ्या वसाहतीने त्यावर फुटबॉलचा वर्ल्ड कप पाहिला आणि पोरं मैदानावरच्या बकऱ्या हाकलू लागली. यंदा भंडाऱ्याला नवी लीग निघाली. आठ संघांपैकी सात चटकन ठरले. आठव्या जागेसाठी लाखनीच्या ट्रकवाल्यांचा तयार संघ होता आणि आमचं नुसतं नाव होतं. समितीतल्या एका म्हाताऱ्या वकिलांना तुमची टीम आठवत होती. त्यांनी विचारलं, चिखला आहे का अजून? मी आहे म्हटलं. जागा आम्हाला मिळाली, पण अट घालून: पहिल्या सामन्याला गोलकीपरसकट अकरा जण मैदानात दिसले नाहीत, तर जागा लाखनीला.

पुढचं सगळं मी माझ्या रीतीने केलं. पोरं निवडली. सकाळी शाळेच्या घंटेआधी सराव ठेवला, उशिरा येणाऱ्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. जुने पाइप मागून गोलपोस्ट उभे केले. तुमसरच्या शिंप्याकडून जर्सी शिवून आणल्या. जुन्यांपैकी जे वसाहतीत उरले होते त्यांची हरकत नव्हती. एक जण म्हणाला, "घ्या ताई, मी आता जाळीतबी मावत नाही." दहा जागा भरल्या. गोलात उभं करायला मी ज्याला निवडलं तो एकोणीस वर्षांचा आहे, माझाच जुना विद्यार्थी, हात लांब, नजर चांगली. सरावाला रोज येतो. पण अंगात नवी जर्सी घाल म्हटलं की खाली बघतो. तो खाणीत ज्या टोळीत काम करतो तिचा मेट, म्हणजे मुकादम, हा तुझा जुना गोलकीपर आहे.

"बाई, खाली खाणीत मेट माह्या जिवाले जपते," तो म्हणाला. "त्याइनं जर्सी देल्ल्याबिगर त्याइच्या जाग्यावर कसा उभा राहू?"

"हा नियम कुठे लिहिला आहे?"

"लिवला नाही, बाई. हाये."

मग मी शिपायाच्या हाती मेटला चिठ्ठी पाठवली. आपल्याकडील गोलकीपरची जर्सी शनिवारपर्यंत शाळेत जमा करावी. खाली सही, शिक्का. शनिवार गेला. आज सोमवार, म्हणून मी स्वतः गेले.

"चिठ्ठी पोहोचली," तो म्हणाला. "पोरीनं वाचून दाखवली. शिक्काबी पाहिला. पण ताई, हे का कंपनीचा फावडा होय, जमा कराले?"

मी म्हटलं, "तुमचं वय त्रेचाळीस. गुडघ्याला पट्टा बांधून तुम्ही कामावर जाता. तुम्ही खेळणार आहात का?"

"मी कुठं म्हणतो खेळतो म्हून?"

"मग टीम सोडलीत ना?"

"तुमच्या मायनं मले जेवाले बलावलं नाही," तो अगदी शांतपणे म्हणाला. "मंग मी सोडली कवा?"

आतून त्याची बायको म्हणाली, "बारा वर्षं झाले, आयकून राहिली मी हे. ताई, जर्सी नेत असान त ह्याइलेबी घेऊन जा." तो हसला नाही. मीही नाही.

तुझी ती रीत मला आठवते, पण मी तिला कधी रीत समजले नव्हते. आईला माणसं जेवू घालायची हौस आहे, एवढंच मला वाटायचं. एखाद्याचा दम पुरेनासा झाला की बाबा त्याला स्वतः काही बोलत नसत, तुझ्या कानावर घालत. चार दिवसांनी तू निरोप पाठवायचीस, रविवारी जेवाले ये. निरोप मिळाला की त्याला कळायचं. तो जर्सी धुऊन, घडी करून घेऊन येतो. तू चुलीसमोर पाट मांडतेस. बेसनाच्या पातोडीचा रस्सा, भात, लाखोरीच्या डाळीचे वडे. खेळाबद्दल एक शब्द निघत नाही. हात धुतल्यावर तो जर्सी तुझ्या हातात देतो, तू ती दारात उभ्या असलेल्या नव्या पोराला देतेस आणि जुन्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकतेस. झालं. वसाहतीत यालाच टीम सोडणं म्हणत. कोणी कोणाला काढत नव्हतं. एका सुट्टीत मी वाढायला होते. मला नागपूरची गाडी गाठायची होती आणि जेवणारा सावकाश भात कालवत होता. मी दोनदा विचारलं, आणखी काही हवं का? तू मला मागच्या दारी नेऊन म्हणालीस, "जेवनाऱ्याच्या ताटाकडे घड्याळीवानी पाहू नोको." मला अजून तसंच पाहता येतं, दुसरं काही जमत नाही. त्या बळावर मी ही शाळा चालवते.

आज त्याने ती जर्सी पेटीतून काढून दाखवली. पिवळी, लोकरीची, लांब बाह्यांची, तू एका उन्हाळ्यात विणलेली. मी तेव्हा हॉस्टेलवर होते. थंडीसाठी स्वेटर विणून पाठव असं मी तुला कळवलं होतं. तुझं उत्तर आलं की बाजारातून घे, तुझ्या मापाचा अंदाज येत नाही. त्याच्या मापाचा येत होता. दारातल्या खाटेवर बसून मला हे आठवावं आणि त्याचा राग यावा, याचाच मला जास्त राग आला. एवढ्या माणसांना तू मानाने निरोप दिलास. याचा गुडघा तर तू असतानाच कुरकुरत होता, मग याला का ठेवलंस? तुझा लाडका होता म्हणून? तू मनात काय ठरवलं होतंस ते कुणाला सांगितलं नाहीस, आणि आता एक अख्खी टीम त्याच्यापायी खोळंबली आहे. मला स्वयंपाक येत नाही, हे तुला माहीत होतं. इथेच थांबते. शाळेची वेळ झाली.

शुक्रवार. पुढचं लिहिते.

परवा त्याला जेवायचा निरोप पाठवला, चिठ्ठी नाही. काल तो आला. डोक्याला तेल, धुतलेला शर्ट, काखेत जर्सीची घडी. पाट मांडला होता. माझ्या पातोड्या रस्स्यात फुटून त्याचं पिठलं झालं होतं. त्याने मुकाट्याने भात दोनदा घेतला. मी भिंतीकडे पाहत बसले.

"मायवानी नाही झालं," शेवटी तो म्हणाला.

"नाहीच झालं."

"पण तिखट बराबर हाये."

नवा गोलकीपर दारात उभा होता, दुपट्टा माझ्या मांडीवर तयार होता. मेटने हात धुतले, पुसले, आणि घडी परत काखेत घेतली. म्हणाला, "ताई, एक मागतो. रविवारी मी उभा राह्यतो. पयला गोल खाल्ला का उतरतो. मंग तिथंच देतो, सगळ्याइच्या समोर." मी त्याला सांगितलं की ही लीग आहे, माझ्या घरचं लग्न नाही. त्याने मान हलवली आणि वाट पाहिली. दारातला पोरगा माझ्याकडे पाहीना. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर रविवारी गोल रिकामा होता.

आज मंगळवार आहे. सामना झाला. समोर मोहाडीचा संघ होता, आमच्यापेक्षा चपळ. आमच्या पोरांना चेंडू मिळाला की ती तो लगेच समोरच्यांना देऊन टाकत होती, ओळखीच्या घरी मिठाई पोहोचवावी तसा. म्हणजे सगळं गोलावर येत होतं. आणि मेट गोल खाईना. छातीने अडवतो, पायाने अडवतो, एकदा तोंडावर घेतला आणि नाकातून रक्त आलं तरी उभा. गुडघ्याला पट्टा, अंगात लोकर, वर ऊन. खाणीतून ट्रक भरून आलेले लोक ओरडत होते, "मेट, आज उतरू नोको." मध्यंतर झालं, दुसरा हाफ सुरू झाला. नवा पोरगा बनियनवर रेषेपाशी उड्या मारून मारून दमला. मी घड्याळ पाहत होते आणि आमच्यावर गोल व्हावा की होऊ नये, हे मला ठरवता येत नव्हतं. अशी मूर्ख अवस्था माझ्यावर आजवर कोणी आणली नव्हती. मग अगदी शेवटाकडे उजवीकडून एक चेंडू आला, जमिनीलगत, फारसा जोरात नाही. त्याहून अवघड त्याने दहा अडवले होते. तो जरासा उशिरा वाकला.

जाळीतून चेंडू काढून त्याने मधल्या पोरांकडे फेकला आणि लंगडत माझ्याकडे आला. मी विचारलं, "सोडला का?"

"गुडघा वाकला नाही, ताई."

खरं काय ते मला कळलं नाही आणि कळणारही नाही. तो एकच गोल झाला आणि आम्ही हरलो. मैदानात अकरा जण उभे होते म्हणून जागा मात्र राहिली. पुढचा सामना याच रविवारी आहे, आणि आता नव्या पोराला लोकरीच्या जर्सीत उकडतं अशी त्याच्या आईची तक्रार आली आहे.

हे बाबांना वाचून दाखवावं असं मनात होतं. दाखवणार नाही. ते विचारतील, मग जर्सी हातात आल्यावर पोराला चटकन का दिली नाहीस. तुझ्याकडे पाठवायची सोय नाही. तेव्हा फक्त नोंद करून ठेवते.

दुपट्टा एक, पांढरा, तांबड्या काठाचा: सामना संपल्यावर जुन्या गोलकीपरच्या खांद्यावर टाकला.

जर्सी एक, पिवळी, लोकरीची, घामाने जड झालेली: रेषेपाशी त्याने माझ्या हातात दिली. नवा पोरगा हात पुढे करून उभा होता. मी ती त्याला दिली, पंचांनी दुसऱ्यांदा शिट्टी वाजवल्यावर.