पहिल्या फेरीतला किकर

प्रिय रोमन यास,

लिओनार्डदाजीचा आशीर्वाद (दोन वर्षांचा साठलेला एकदम पाठवतोय, जपून वापर). तुझा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत उत्तम आहे. डॉक्टरांचं मत वेगळं आहे, पण ते आपल्या संघाचे सामने बघत नाहीत.

आपल्या पैजेचा यंदाचा निकाल फादर कॅसिमिरनी तुला कळवला असेलच, आणि तू पोट धरून हसलाही असशील. तेव्हा खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक. नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत आपला संघ कोणाला उचलणार, हे ओळखायची माझी रीत तुला ठाऊक आहे. संघाला गरज कशाची आहे तेवढं बघायचं, बाकी टीव्हीवरच्या पंडितांना बोलू द्यायचं. फ्रिजवर यादी लावली. गेल्या मोसमात चेंडू फेकणारा आपला क्वार्टरबॅक एकसष्ट वेळा चिखलात आडवा झाला (मी मोजत होतो, शेवटी शेवटी तोही मोजत असावा). त्याला राखायला एक दांडगा टॅकल हवा, हे आमच्या दातांच्या डॉक्टरलाही कळत होतं. माझ्या तोंडात दोन्ही हात घालून तो मला तेच समजावत होता, आणि मला हो म्हणायचीही सोय नव्हती.

मग ईस्टरआधीच्या उपासाच्या शेवटच्या शुक्रवारी, चर्चच्या हॉलमध्ये मासे तळतात तेव्हा, नेहमीप्रमाणे अंदाजाच्या चिठ्ठीचं बंद पाकीट फादरांकडे दिलं. तुझं टपालाने आलंच होतं. निवडीच्या संध्याकाळी सगळी मंडळी टीव्हीपुढे. संघाने टॅकल उचलला. फादरांनी तुझी चिठ्ठी वाचली : टॅकल. माझी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली : किकर. चेंडूला लाथ मारण्यापुरता मैदानात येणारा माणूस, रोमन, ज्याला शहाणे संघ अगदी शेवटी, उरलासुरला म्हणून घेतात. कोबीची कोशिंबीर वाढणारी वांडा हातातला डाव तसाच धरून म्हणाली, "लिओ, डोकं ठिकाणावर आहे ना रे तुझं?" मी म्हटलं, चष्मा माशांच्या पिठात पडला होता. मग म्हटलं, रक्तदाबाची गोळी बदललीय. तिला दोन्ही कारणं पटली नाहीत. आता न्हावीसुद्धा मला किकर म्हणतो.

सासरेबुवांचा नियम नियम आहे. ज्याची चिठ्ठी खरी, त्याने स्टेडियममधल्या त्यांच्या दोन राखीव खुर्च्यांपैकी, माझ्या शेजारच्या दुसरीवर वर्षभर कोण बसणार ते ठरवायचं. माझी हालिना गेल्यापासून दोन्ही वर्षं मी जिंकलो आणि तिची खुर्ची रिकामी ठेवली, कारण सख्ख्या बहिणीच्या मयताच्या जेवणाला तू शत्रुसंघाचं जाकीट घालून आलास, हे मी विसरलेलो नाही (थंडी वाजत होती म्हणे). यंदा हक्क तुझा. मी हरलो, करणार काय.

तुझा दाजी,
लिओनार्ड

ता.क. पहिला सामना सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी एकला. सॉसेज मी आणतो, मोहरी तू आण.

ता.क. २. फ्रिजवरची यादी अजून तशीच आहे. सगळ्यात वर टॅकलच लिहिलाय, ठळक अक्षरांत, दोनदा अधोरेखित. यंदाची गरज इतकी उघडी होती की तूसुद्धा चुकणार नाहीस, याची मला खात्री होती. प्रश्न फक्त माझ्या चुकण्याचा होता.

ता.क. ३. दोन वर्षं हालिनाच्या खुर्चीवर मी थर्मास ठेवतो. कॉफी गरम राहते, पण त्याच्याशी भांडता येत नाही. ये बाबा. ते जाकीट मात्र घरी ठेव. थंडी वाजलीच तर तिची शाल मी दर सामन्याला नेतोच.