थेंबातून दहा वजा

५ जानेवारी

चि. छोटीस,
आशीर्वाद. निम्मे आत्ता, उरलेले तुझं वागणं बघून.

पत्र पाहून तू कपाळाला हात लावशील आणि फोन का नाही केला म्हणून विचारशील. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि पुढच्या आठवड्यात आपलं असं काही बोलणंच झालं नव्हतं म्हणतेस. आता जे काय ते कागदावर.

शाळेने मला निरोप दिला. चौतीस वर्षं गणित शिकवल्याबद्दल भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. ते पाच मिनिटं मागे पडतं. त्याच संध्याकाळी मुलगा आणि सूनबाई आले, आणि मी आता त्यांच्याकडे राहायला जायचं हे ठरवूनच आले. माझ्यासाठी खोली तयार आहे म्हणे. ती खोली मी पाहिली आहे. तिच्यात इस्त्रीचं टेबल आहे आणि टेबलावर बारा महिने कपड्यांचा डोंगर. ते टेबल हलवायचा विषय कुणी काढला नाही. मला कशासाठी हलवतायत हे कळायला गणिताची बाई असावं लागत नाही.

मी सरळ सांगून टाकलं की एक एप्रिलपासून मी इथे नाही. छोटीच्या ट्रेलरमधून आम्ही दोघी दोन महिने भटकणार आहोत. कुठला ट्रेलर म्हणून विचारू नकोस. मागच्या सुट्टीत जेवता जेवता तूच म्हणाली होतीस, की कारच्या मागे जोडायचा, पाण्याच्या थेंबासारखा, आत दोन माणसं आडवी होतील आणि मागचं झाकण उचललं की ओटा, असा एक ट्रेलर बांधावासा वाटतो. आता बांध. एक एप्रिलला तो रस्त्यावर नसला तर मी शर्टांच्या कॉलरी इस्त्री करत बसेन, आणि ते पाप तुझ्या माथ्यावर असेल.

माझ्या अटी फार नाहीत. गादी वीतभर जाड हवी. उठून बसल्यावर मान ताठ राहिली पाहिजे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी अकरा वर्षं पाठीत पट्टी घालून ती ताठ केली आहे, ती मी तुझ्या ट्रेलरसाठी वाकवणार नाही. आणि दोघींच्या मध्ये फळी. तुझ्याबरोबर एका खाटेवर मी बारा वर्षं काढली आहेत. तू लाथा मारतेस.

तुझ्या होकाराची वाट न पाहणारी,
ताई


१४ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, तोही वेल्डिंगचा चष्मा न काढता.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की गेट करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक घाबरून बाहेर जाऊन उभं राहिलं. अगं, मी सहज बोलले होते! पण आता तू मुलाला सांगूनच बसली आहेस तर बांधू. एक जिन्याचा कठडा संपला की वर्कशॉप रिकामं आहे. हे गेल्यापासून दुसऱ्यांची ग्रिल आणि गेटंच जोडत आले. स्वतःसाठी काही जोडायची ही पहिलीच वेळ, म्हणून हात शिवशिवतायत.

माझी कार म्हातारी आहे. साडेतीनशे किलोच्या वर वजन लावलं तर ती मध्येच थांबून आपल्यालाच ढकलायला लावेल. म्हणून चॅसी हलक्या चौकोनी पाइपची, वर प्लायवुड, आणि आकार आपल्यापुरता. आपल्यापुरता म्हणजे तुझ्यापुरता, कारण मी कुठेही मावते. तर तीन मापं पाठव: झोपल्यावरची लांबी, गादीवर बसल्यावरची उंची, आणि दोघींची फळीसकट रुंदी.

माप बाबांच्या सुतारकामातल्या पद्धतीने घे. टेपच्या टोकावर विश्वास ठेवायचा नाही, दहाच्या रेघेपासून सुरू करायचं आणि मग दहा वजा करायचे. तुझ्याकडे बाबांचाच टेप आहे ना? त्याचं टोक मीच तोडलं होतं. इतकी वर्षं बोलले नव्हते. आता बाबा नाहीत आणि तू लांब आहेस.

लाथा न मारण्याचा प्रयत्न करणारी,
छोटी


२२ जानेवारी

चि. छोटीस,
आशीर्वाद. टेपचे वजा करून.

ते टोक मी हरवलं असं समजून बाबांनी मला आठवडाभर भुसा झाडायला लावला होता. त्याचा विचार आपण एकाच छताखाली आल्यावर करू.

मापं घेतली. एकटीने स्वतःला मोजणं किती अवघड असतं याची तुला कल्पना नाही. जमिनीवर पडले, टेप एका टोकाला अंगठ्याखाली दाबला, दुसऱ्या टोकाला डोक्यामागे पुस्तकांची थप्पी लावली. तुझ्या जागी सतरंजी गुंडाळून ठेवली. तुझ्या अंगकाठीशी ती बरीच जुळते. मध्ये पोळपाट उभा केला, फळी म्हणून. लांबी, उशी आणि अंबाडा धरून, १७८. रुंदी १३२. माझ्या सध्याच्या गादीवर बसून उंची १०४. सगळे आकडे सेंटिमीटर. दोनदा तपासले आहेत. यात तुझं डोकं चालवू नकोस.

आता चाकांबद्दल. तू पत्रासोबत काढून पाठवलेल्या चित्रात चाकं मधोमध नाहीत, जरा मागे सरकली आहेत. हे मला गबाळेपणाचं वाटतं. वस्तू तोलायची तर मधोमध तोलायची, एवढं सातवीतल्या मुलीलाही कळतं.

लोभ मोजून ठेवलेला आहे.
ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार आणि आनंदाची बातमी!

चॅसी उभी आहे. जोड एकूण एक तपासले, वर उभी राहून उड्या मारल्या, कुरकुर नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती थेंबाच्या आकारात कापून बसवल्या. समोरून गोल, मागे निमुळत्या. शेजारच्या टायरवाल्याने येऊन हे पक्ष्याचं घर आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं हो, दोन साळुंक्या राहायला येणार आहेत.

चाकं मागेच आहेत. दहातला एक हिस्सा भार कारच्या हुकवर पडावा लागतो, नाहीतर ट्रेलर शेपटीसारखा डोलतो. सातवीतल्या मुलींना सांग.

आतली मापं: लांबी १६८, रुंदी १२२, उंची ९४. आणि ताई, तुझ्या गणिताला मी हात जोडले. १२२ म्हणजे प्लायवुडच्या अख्ख्या शीटची रुंदी! करवत लावावीच लागली नाही. ताईने मुद्दाम असा आकडा काढून पाठवला असणार, असं मी टायरवाल्यालाही सांगितलं.

आता आतून पॉलिश, मागे ओटा आणि भांड्यांचं कपाट. कपाटाची हौस मला लग्नापासून आहे.

तुझी कारागीर,
छोटी


२७ फेब्रुवारी

छोटे,
आशीर्वाद या वेळी नाहीत.

तुझं पत्र आल्याबरोबर मी शाळेतून आणलेला खडू काढला आणि बैठकीच्या खोलीत फरशीवर १६८ बाय १२२ चा चौकोन आखला. त्यात उताणी पडले. डोक्यामागे उशी, अंबाडा, सगळं नियमाने. पावलं घोट्यापासून चौकोनाबाहेर! डोळे मिटून मी कारण शोधत होते. दार उघडं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई टेप सरकवल्याच्या आवाजाची तक्रार करायला वर आल्या, आणि खडूच्या रेघांमध्ये मला निपचित पडलेली पाहून त्यांनी जी किंकाळी फोडली, तिने तीन मजले गोळा झाले. मी उठून बसले तेव्हा त्या दुसऱ्यांदा किंचाळल्या. एका गृहस्थांनी तर कुणी कशाला हात लावू नका म्हणून बजावलं होतं.

सगळे गेल्यावर ९४ वर दोरी बांधून गादीवर बसले. दोरी भुवयांवर आली. मला मान खाली घालायला लावणारी जगातली पहिली वास्तू तू बांधली आहेस.

आता कारण ऐक. प्रत्येक माप दहाने कमी आहे. मी बाबांच्या पद्धतीने दहापासून मोजलं आणि दहा वजा करून तुला कळवलं. तू त्यातून पुन्हा दहा वजा केलेस! मी चौतीस वर्षं वजाबाकी शिकवली. मी कुणाला अर्धं गणित पाठवत नाही, उत्तर पाठवते. दोनदा तपासले आहेत, असं स्वच्छ लिहिलं होतं. आणि वर माझ्या गणिताला हात जोडतेस!

मुलाचं पत्र सोबत जोडलंय. वाच आणि लाज वाटून घे.

ताई


(सोबतचं पत्र)

२४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. नमस्कार. आम्ही मजेत.

तू फोन ठेवून देतेस म्हणून लिहितो. मावशीच्या त्या पेटीत दोन महिने काढायचं वय आहे का, याचा शांतपणे विचार कर. इथे तुझ्यासाठी १९० बाय ९० चा स्वतंत्र पलंग आहे. मी स्वतः मोजला. तुला नीरस वाटू नये म्हणून दिवसाची आखणीही केली आहे आणि ती फ्रिजवर लावली आहे: साडेसहा डबे, सव्वासात मुलांची बस, अकरा भाजी, तीन ते पाच इस्त्री (बसून), पाच अभ्यास. रविवारी तुला पूर्ण मोकळीक, डबे सोडून. एक एप्रिलला सकाळी गाडी घेऊन येतो.

तुझी काळजी असलेला,
तुझा मुलगा


६ मार्च

ती. ताईस,
लोटांगण. वर्कशॉपमध्ये जागा आहे.

चूक माझीच, पण कशी झाली ते ऐक. लहानपणी बाबांच्या हाताखाली आपण माप घ्यायचो, तेव्हा टेप तू धरायचीस आणि आकडा ओरडून सांगायचीस. पेन्सिल माझ्याकडे असायची. दहा वजा करायचं काम कायम माझं होतं. तू एकदाही केलं नाहीस. तुझे आकडे आले आणि माझ्या हाताने आपोआप दहा काढून टाकले. तू मधल्या काळात गणिताची बाई झालीस, हे हाताला कुणी सांगितलंच नाही.

आता उपाय. एक, सगळं कापून पुन्हा जोडते. मग थेंब मेच्या शेवटी तयार होईल, आणि तोवर तू सव्वासातच्या बसला मुलं पोचवत असशील. तुझ्या मुलाचं पत्र मी तीनदा वाचलं. "बसून" हा शब्द वाचून प्रत्येक वेळी हातोडी शोधली.

दोन, जे आहे त्यात जागा काढते. गादी वीतभराऐवजी चार बोटांची केली की डोक्याला दहा मिळतात. फळी आणि तिच्या बाजूला तू सोडलेली ऐसपैस जागा काढली की रुंदीत दहा मिळतात. लांबीसाठी ओट्याखालचं भांड्यांचं कपाट तोडायचं, म्हणजे तुझे पाय तिथे जातील. हौसेचं काय, दोन पातेली पिशवीत राहतात.

एकटीसाठी बांधायचा असता तर मला १६८ जास्तच होतं. पण एकटीसाठी मी बांधलाच नसता.

काय ते लवकर कळव. हातात करवत आहे.
छोटी


१३ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. मागचे थकलेले धरून.

करवत खाली ठेव. कपाटाला हात लावायचा नाही. मी काल जाऊन केस कापून आले. अंबाडा गेला, सात सेंटिमीटर आले. उरलेले तीन मी गुडघे जरा वाकवून देईन. सिस्टरांनी पाठीबद्दल सांगितलं होतं, गुडघ्यांबद्दल काही नाही. गादी चार बोटांची कर. चार दिवस मी खडूच्या चौकोनात सतरंजीवर झोपून पाहिलं, माणूस मरत नाही.

फळीही काढ. लाथ बसली तर मी उलट मारीन. मलाही सराव होता, तू झोपेत असल्यामुळे तुला माहीत नाही.

पत्र इथेच संपवणार होते, पण आज सकाळी मुलगा आला. फ्रिजवरचा कागद बरोबर घेऊन आला होता. माझे केस पाहून त्याने आधी दारावरची पाटी वाचली. मग फरशीवरचा चौकोन पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. या एवढ्याशा जागेत दोन माणसं कशी राहतील, हे मला दाखवून देण्यासाठी त्याने बूट काढले आणि आत आडवा झाला. पाय बाहेर जातात म्हणाला. डोकंही बाहेर जातं म्हणाला. नंतर डोळे मिटून घेतले.

त्याचा फोन दोनदा वाजला. त्याने घेतला नाही. मी चहा करून शेजारी ठेवला, तो गार झाला. पाऊण तासाने, डोळे न उघडताच, त्याने विचारलं की एकतीस मेनंतर हा ट्रेलर कुणाला लागणार आहे का. आठच दिवस, एकट्याला. मी सांगितलं की तू त्यात मावत नाहीस. तर म्हणतो कसा, गुडघे पोटाशी घेईन.

आखणीचा कागद त्याने उशी म्हणून घडी करून डोक्याखाली घेतला होता. मी तीस तारखेला सकाळच्या बसने निघणार म्हणून सांगितलं, तर त्याने झोपेतच मान डोलावली. मग मी त्याच्या कडेकडेने केर काढला.

बसस्टँडवर वेळेवर ये. तुझ्यावरचा लोभ आहे तेवढाच आहे, तो घेऊन येते.
ताई