नाथाजींना काय वाढायचं?

१२ डिसेंबर

मुकुल आणि श्रद्धा नाताळच्या सुट्टीत सांगलीला येणार! दोघं एकदम, पुण्याहून. म्हणजे आता टाळायला जागा नाही. पंचवीस तारखेला नाथाजींना जेवायला बोलवायचं आणि मुलांना सांगून टाकायचं — आई लग्न करतेय.

बासष्टाव्या वर्षी. लिहितानासुद्धा हसू आलं. मुलांचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली, आणि मला काळजी कसली? तर मेन्यूची!

१४ डिसेंबर

मटार उसळ, मसालेभात, जिलेबी. छे! हे तर मुंजीचं जेवण.

मग मोबाइलवर बघून पास्ता केला. खळ झाली. निवडणुकीची पोस्टरं चिकटली असती.

श्रद्धाचा फोन — "आई, मुकुल हल्ली भात खात नाही, पोळी-भाकरी खात नाही, साखर तर नाहीच." मग जगतो कशावर हा मुलगा?

१८ डिसेंबर

गुरुवार. गुडघ्याच्या व्यायामाला गेले. नाथाजीही आष्ट्याहून बसने येतात, त्यांचा डावा गुडघा. आमचं प्रेम जमलं ते असं — शेजारशेजारच्या खाटांवर, एकेक पाय वर करून! निवृत्त सुभेदार, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मिशी अजून ड्युटीवर.

विचारलं, जेवायला काय करू?

"आवं बाई, मला काय, भाकरी आन खरडा. लय काय कराय जाऊ नका." मग हळूच — "मटण जमंल का?"

माझ्या स्वयंपाकघरात आजवर अंडंसुद्धा फुटलेलं नाही. आणि मी काय म्हणाले? "बघू." बघू! घरी येऊन मटणाची कृती वाचली. पाणी पिऊन आडवी झाले.

२१ डिसेंबर

भरली वांगी, बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, खरडा, गाजरहलवा. आता बदल नाही. देवाशप्पथ.

मला बघायला आले होते तेव्हा आईनं नुसत्या पोह्यांवर भागवलं होतं.

२२ डिसेंबर

मसालेभात वाढवला.

२५ डिसेंबर

ताटं मांडली आणि फोन वाजला. नाथाजी. "जयराज नको म्हंतोय. लोक हसतील म्हनं. न्हाई येत, बाई." मागे त्यांच्या मुलाचा चढा आवाज ऐकू येत होता. मी "बरं" म्हणाले. नुसतं बरं!

आम्ही तिघं जेवायला बसलो. श्रद्धा म्हणाली, "चौथं ताट कुणाचं?"

किती दिवस वाक्य घोकत होते. ऐनवेळी तोंडातून निघालं — "वांगी मऊ झालीत ना? मी लग्न करतेय." मग नाथाजी, गुडघे, आत्ताचा फोन, सगळं एका दमात सांगून टाकलं.

श्रद्धा आधी हसली, मग रडली, मग "गुडघ्याच्या दवाखान्यात?" म्हणून परत हसली. मुकुल मान खाली घालून भाकरीवर भाकरी खात सुटला — न खाणारा मुलगा! शेवटी हात धुऊन आला आणि म्हणाला, "परवा आष्ट्याला जाऊ. मी बोलतो त्या जयराजशी."

मी मोरीत जाऊन रडले. कांद्याचं निमित्तही हाताशी नव्हतं.

२७ डिसेंबर

आष्ट्याला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मोठा डबा भरला, वर पुरणपोळ्या.

जयराज दारातच उभा, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मुकुल बोलत होता, तो ऐकत नव्हता. मग त्याच्या बायकोनं, अंकितानं, डबा उघडला. जयराजनं उभ्याउभ्या एक पोळी खाल्ली. मग बसून दुसरी.

"आण्णा, चालतंय की!" म्हणाला. "आमी दोघंबी कुपवाडला कामाला. घरात रांधाय कोन न्हाई. काकू आल्या की सकाळचं डबं, रातचं जेवान, समदं मार्गी लागंल."

मी नाथाजींकडे बघितलं. आता काहीतरी बोलतील.

मिशी पुसत म्हणाले, "व्हय. हाताला लय चव हाय हिच्या."

हिच्या! कधीपासून या एकेरीची वाट बघत होते. आणि ती आली ती अशी, पुरणपोळीच्या मागून.

सगळे खूश. मुकुलनं जयराजला मिठी मारली. गाडीत श्रद्धा म्हणाली, "आई, जिंकलीस!" मी रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्या बघत बसले.

३० डिसेंबर

माझं कौतुक करावं तेवढं थोडं. नवरा मिळवायला गेले आणि नोकरी मिळवून आले!

नाथाजींना फोन केला. सरळ विचारलं, "आणि मी स्वयंपाक नाही केला तर?"

हसले. मनापासून, अगदी निर्मळ. "मग दिवसभर करनार काय तुमी?"

वाईट माणूस नाही हो. तेच तर.

१ जानेवारी

नाथाजींना नाही म्हणून कळवलं. मुलांना संध्याकाळी सांगेन.

दुपारी स्टँडजवळच्या खानावळीत एकटीच जाऊन बसले. वाढपी बादली घेऊन आला. "आज्जी, काय वाढू?"

"सगळं वाढ," म्हटलं.