तीन बोटं

मंगळवार, संध्याकाळ

नेकनूरच्या सखूबाई आज पुन्हा तपासणीला आल्या. महिन्यापूर्वी शिबिरात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं बिनटाक्याचं ऑपरेशन झालं. पट्टी मीच सोडली होती. बोटं दाखवली, त्या "तीन" म्हणाल्या, मी कार्डावर 'नजर चांगली' लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. ते कार्ड बघूनच डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं.

आज डावा डोळा झाकायला सांगितला आणि मी कार्ड शोधत बसलो. हात वर केलाच नव्हता, तरी त्या म्हणाल्या, "तीन."

"आजी, दिसतंय का काही?"

"न्हाई बाबा. पट्टी सोडल्यापून समदं धुरकटच हाय."

"मग त्या दिवशी तीन कावून म्हणलात?"

"रांगेत समदे तीनच म्हणत हुते. डाक्टरनं लई जीव लावून केलं, त्येला वंगाळ कसं सांगू?"

डॉक्टरांनी तपासलं, डोळ्याच्या आतला पडदा सरकलाय. म्हणाले, तेव्हाच कळलं असतं तर काही करता आलं असतं.

मी नेहमी तीनच दाखवतो. का? निव्वळ सवय. त्या दिवशी रांगेतला एकूण एक माणूस तीन म्हणाला होता, आणि मी खूश होतो. त्यातल्या किती जणांना माझा हात दिसला असेल?