कॉपर फॉर्कचा संपादक गोळी झाडत नाही

७ जुलै १९५८, सोमवार, सकाळी नऊ

टीव्ही मालिका लिहायचा करार झाला. तेरा भाग. मालिकेचं नाव ‘कॉपर फॉर्कचा संपादक’. नायक जोसाया कीन, माँटानातल्या एका खाणगावात वर्तमानपत्र चालवतो, कमरेला पिस्तूल बांधत नाही. सध्या टीव्हीवर रोज संध्याकाळी इतकी माणसं मरतात की हॉलिवूडच्या टेकड्यांत पुरायला जागा उरू नये. हे मी थांबवणार.

संकल्प: तेरा भागांत कीनच्या हातून एकही गोळी सुटणार नाही. एकही म्हणजे एकही. खाली सही केली.

कीन म्हणजे माझे बाबाच. नेब्रास्कात चाळीस वर्षं साप्ताहिक काढलं, हाताला शाईशिवाय काही लागू दिलं नाही. आता ब्याऐंशीचे आहेत. त्यांना कळवलं, मालिका तुमच्यावर आहे, शेजाऱ्यांकडे जाऊन पाहत जा. त्यांना स्वतःला पडद्यावर पाहायचं आहे, निदान मला दाखवायचं आहे.

माझं अक्षर लागणारी लॉस एंजेलिसमधली एकमेव व्यक्ती म्हणजे माझी बायको वेल्मा. ती टाइप करायला बसली. शेवटच्या तीन मिनिटांत काय होतं, असं तिनं विचारलं. म्हटलं, अग्रलेख. तिनं यंत्रात कागद सरकवला. भारावली असावी.

१६ जुलै

पहिल्या भागाचं वाचन. गुंड छापखाना जाळायला येतात, कीन दारात उभा राहून अग्रलेख वाचतो, गुंड मशाली विझवून परत जातात. अग्रलेख मी स्वतः वाचून दाखवला. सहा मिनिटं चाळीस सेकंद. निर्माते एबलॉफ यांनी विचारलं, तोवर मशाली आपोआप नाही का विझणार? हशा. मी उठलो आणि मुद्रणकला, विवेक व प्रजासत्ताक यांवर अठरा मिनिटं बोललो. एबलॉफनी मधे एकदाच घड्याळ पाहिलं, तेही आदरानं.

अग्रलेख चाळीस सेकंदांचा ठरला. सार टिकलं. साराला वेळ लागत नाही.

४ ऑगस्ट

चित्रीकरण सुरू. नायकाचं काम करणाऱ्या ब्रॉडी केसला हातांचं काय करावं ते कळत नाही. गडी दोन वर्षं पिस्तूल झटकन उपसायचा सराव करतोय. दर शनिवारी या नटांची क्लबात स्पर्धा असते, सेकंदाचे तुकडे मोजणारं घड्याळ लावून. “मास्तर,” मला म्हणाला, “कमरेला काही नसलं की पँट घसरल्यासारखं वाटतं.”

त्याला बाजूला घेऊन समजावलं की छपाईचे खिळे जुळवायची ही पट्टी हेच तुझं शस्त्र. त्यानं ती खिळ्यांसकट पट्ट्यात खोचली आणि उपसली. सेकंदाचा तिसरा हिस्सा. खिळे घोड्याच्या तोंडावर. घोडा उधळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भूमिका त्याला हळूहळू उमगते आहे.

२५ ऑगस्ट, दुपार

प्रायोजकांचे गृहस्थ आले. कॉर्नफ्लेक्सवाले. नाव टटल. संहितेच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांची सही लागते, त्याशिवाय पान सेटवर जात नाही. माणूस सभ्य. आपल्याच कंपनीच्या खोक्यात हात घालून कोरडे कॉर्नफ्लेक्स खात ऐकतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की कचेरीच्या भिंतीवर पिस्तूल असावं. नुसतं टांगलेलं. कीननं त्याला हात लावायला नको.

मी नऊ मिनिटं बोललो. बोलता बोलताच लक्षात आलं की टांगलेलं, गंजू दिलेलं पिस्तूल हे अहिंसेचं केवढं प्रतीक आहे. तसं सुचवलं. टटलनी लगेच सही केली. वेल्माला सांगितलं की कल्पना माझीच. ती म्हणाली, आपल्याकडे भिंतीवर बॅन्जो आहे, येणारा प्रत्येक पाहुणा तो काढून वाजवतोच.

संबंध कळला नाही.

११ सप्टेंबर

पाचवा भाग. कीन पिस्तुलावरची धूळ पुसतो. धूळ पुसणं म्हणजे गोळी झाडणं नव्हे. टीप: गंज काढून टाकावा लागला, ब्रॉडीच्या शर्टाला लागत होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला भाग प्रक्षेपित. अग्रलेखाच्या चाळीस सेकंदांतले बारा कॉर्नफ्लेक्सच्या जाहिरातीखाली गेले. उरलेले अठ्ठावीस अप्रतिम. उद्या देश जागा होईल.

३ ऑक्टोबर

देश कामावर गेला.

९ ऑक्टोबर

बाबांचं पत्र. मोजक्या ओळी. शेजाऱ्यांचा टीव्ही चांगला आहे. दाढी खरी वाटते. अंक कधी निघतो?

किती बारीक नजर. त्यांचा प्रश्न अर्थातच तात्त्विक आहे. वेल्मा म्हणते तात्त्विक नाही, पाच भाग झाले लिहून, त्या कचेरीतून अजून एकदाही पेपर बाहेर पडलेला नाही. मी आठवून पाहिलं. सहाव्यात काढतो.

१४ ऑक्टोबर

प्रेक्षकसंख्येचे आकडे आले. आमच्या वेळेला दुसऱ्या वाहिनीवर एक मार्शल असतो, पहिल्या पाच मिनिटांत चार माणसं मारतो. देश तिकडे आहे. तातडीची बैठक. मी तयारी करून गेलो होतो, पण एबलॉफ म्हणाले, “आल्डन, आज बसूनच बोल.” बसून माणसाचा आवाज निम्मा होतो, हे वक्त्यालाच ठाऊक.

सहाव्या भागात कीन गोळी झाडून दिव्याची दोरी तोडणार, दिवा गुंडाच्या डोक्यावर पडणार. अंकाला वेळ उरला नाही.

संकल्प नीट वाचला. त्याचा आशय ‘माणसावर गोळी नाही’ असाच होता, घाईत शब्द सुटले. दुरुस्त करून पुन्हा सही केली. दोरी म्हणजे माणूस नव्हे.

२३ ऑक्टोबर

आठवा भाग. टोपी. टोपी म्हणजेही माणूस नव्हे, फार तर माणसाचा वरचा शेजारी.

नववा भाग. हाताला चाटून. हात बरा होतो. उलट, बऱ्या झालेल्या हातानं तो गुंड पुढे लिहायला शिकेल, असं एक वाक्य घातलं होतं. टटलनी त्या पानावर सही केली नाही.

१० नोव्हेंबर, संध्याकाळी पाच

आता हद्द झाली. तेराव्या भागात समोरासमोर द्वंद्व हवंय. भर रस्त्यात. कीननं माणूस ठार मारायचा. एबलॉफनी हे मला फोनवर सांगितलं, जेवलास का विचारावं तशा आवाजात.

राजीनामा देणार. उद्या सकाळी दहा वाजता. अकरा पानांचं भाषण तयार आहे. वेल्मानं टाइप केलं आणि पहिल्यांदाच न विचारता म्हणाली की हे चांगलं आहे. डोळे पुसत होती. हे दे, म्हणाली, काही झालं तरी दे.

११ नोव्हेंबर, दुपारी एक

भाषण दिलं. उभं राहून. टटलनी खोकं बाजूला ठेवून ऐकलं. शेवटी त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, त्यांचे वडीलही शांत स्वभावाचे होते. वातावरण पूर्ण माझ्या बाजूचं.

मग एबलॉफ म्हणाले, “हे बघ आल्डन, तू नाही लिहिलंस तर शुक्रवारपर्यंत दुसरा कुणीतरी लिहील. त्याला कीन कोण हे ठाऊकसुद्धा नसेल. तुझ्या बाबांच्या हातात पिस्तूल द्यायचंच आहे, तर निदान ओळखीच्या माणसानं द्यावं.”

अकरा पानांची घडी करून खिशात घातली.

दोन अटी घातल्या. गोळी झाडल्यावर कीन टोपी काढेल, आणि मेलेल्याकडे दोन सेकंद पाहील. दोन्ही मान्य झाल्या. हे माझ्या हट्टाचं फळ.

घरी आलो तेव्हा वेल्मानं विचारलं, दिलास? म्हटलं, भाषण दिलं. ती स्वयंपाकघरात गेली.

२१ नोव्हेंबर

द्वंद्वाचं चित्रीकरण. ब्रॉडीचा हात इतका जलद की कॅमेऱ्याला दिसेना. सात वेळा घ्यावं लागलं, त्याला सावकाश मारायला शिकवण्यात दुपार गेली. शेवटी मला मिठी मारून म्हणाला, “मास्तर, आज कीन समजला बघा मला.” टोपी काढायला विसरला. दोन सेकंद नंतर कापले, जाहिरात लांबली.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

टर्की कोरडी झाली होती. वेल्मा म्हणाली, गेले तीन भाग टाइप केले, ‘अग्रलेख’ हा शब्द एकदाही आला नाही. म्हटलं, तो आता कृतीत मुरला आहे. तिनं मला ग्रेव्ही वाढली.

२५ डिसेंबर, नाताळ

तेरावा भाग नेमका आज लागला. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आयत्या वेळी मागून चर्चच्या घंटा घातल्या. माणूस पडतो आणि घंटा वाजतात. शेजारच्यांनी अभिनंदनाचा फोन केला. वेल्मा टीव्ही बंद करून झाडाचे दिवे लावत बसली.

३० डिसेंबर

टटल यांचं पत्र. अत्यंत सौजन्याचं. पुढचे तेरा भाग होणार नाहीत. प्रेक्षकांना विचारलं असता त्यांना ही मालिका आणि दुसऱ्या वाहिनीवरचा मार्शल यांतला फरक सांगता आला नाही. कंपनीला आता काही वेगळं हवंय. सरहद्दीवरचा एक शाळामास्तर, ज्याच्याकडे पिस्तूलच नसतं. लेखक ठरला आहे.

मी पत्र दोनदा वाचलं. उभा राहिलो. खोलीत कुणी नव्हतं. बसलो.

७ जानेवारी १९५९

बाबांचं पत्र. या वेळी पानभर. जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

“शेवटचा भाग पाहिला. शेजाऱ्यांना आवडला. १९११च्या मार्चमध्ये असेच काही लोक आमच्या छापखान्यावर आले, तेव्हा मीही दारात उभा होतो. बोललो काही नाही. त्यांनी मला बाजूला सारलं, यंत्र मोडलं, खिळे रस्त्यात ओतले. पाऊस होता. तुझी आई आणि मी नऊ दिवस चिखलातून खिळे वेचत होतो. दहाव्या दिवशी अंक काढला. चार पानांचा एकच पानाचा झाला, आणि बरीच अक्षरं कमी पडली. लोकांनी समजून घेऊन वाचला. हे तुला कधी सांगितलं नाही वाटतं. तू बोलत असायचास.”

सकाळपासून उत्तर लिहितो आहे. पहिला मसुदा चौदा पानांचा. फाडला. दुसरा दोन पानांचा, त्यात प्रायोजकांची पद्धत समजावली होती. तोही फाडला. वेल्मानं दारातून विचारलं, टाइप करायचं आहे का. म्हटलं, नको, एकच ओळ आहे.

प्रिय बाबा, इकडे हवा छान आहे.

तिकीट लावल्यावर खिडकीबाहेर पाहिलं. आज इतकं धुरकं आहे की समोरचं घर दिसत नाही.