गळ्यातला खिळ्यांचा पट्टा

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
पिंपरी पेंढार, २९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. निर्मलास अनेक आशीर्वाद.

इकडे देवाच्या कृपेने बरे आहे. फोनवर बोलले तर आळीभर कळतं, म्हणून लिहिते. पितृपक्ष संपल्यापासून तुझे दादा घरी नाहीत. बिबट्या होऊन उसात जाणं काही नवं नाही. मी नवी नवरी असताना तूच चुलीपाशी बसवून सांगितलंस, की आमचा दादा असा आहे, भिऊ नका. पण उजाडलं की परत येऊन चहा मागतात. ह्या खेपेला आलेच नाहीत. शेजारच्या गेणभाऊंच्या बांधावर वनखात्यानं पिंजरा लावलाय. रोज डोकावून येते. आत बांधलेली शेळीच बिचारी माझ्याकडे बघून ओरडते. तिकडे आले असतील तर लगेच कळव. जीव थाऱ्यावर नाही.

माया आहेच, ती उणी करू नकोस.
तुझी पुष्पावहिनी

घाटघर, ६ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

दादा सुखरूप आमच्या ओसरीवर आहे. माणूस व्हायला मात्र ह्यावेळी लई जड गेलं त्याला; वय झालं. जेवतो दणकून. शेळ्या त्याचा वारा लागला की दावी तोडायला बघतात. आमचे हे म्हणतात, पावणं लई गोड, फक्त गोठ्याकडून फिरू नका.

घरी का जात नाहीस म्हणून मी भांडले, तेव्हा बोलला. उसातून त्यानं तुम्हाला गवत कापताना पाहिलं. बिबट्यानं मान धरू नये म्हणून वनखात्यानं दिलेला खिळ्यांचा पट्टा तुमच्या गळ्यात व्हता. म्हणे, जिच्याशी संसार केला तिनंच मान झाकली, आता कोणत्या तोंडानं जाऊ? वहिनी, खरंच भ्या वाटतं का? मी रागावणार नाही. पण दादाला काय सांगू?

आपली निर्मला

पिंपरी पेंढार, ११ ऑक्टोबर

चि. सौ. निर्मलास अ. आ.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग देवापुढे बसून रडले. अगं, भ्या कसलं! आळीतल्या सगळ्या बाया पट्टा घालून रानात जातात. मी उघड्या मानेनं जायची, तर त्यांच्यातल्या रुपालीनं चारचौघींत विचारलं, की काकू, तुमची बिबट्याशी सोयरीक हाय का? बाया हसल्या. दुसऱ्या दिवशी पट्टा चढवला. ह्यांच्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून! हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. सांग, की मला भीती एकच, ते येणार नाहीत ह्याची. पण पिंजरा उठेपर्यंत येऊ नका म्हणावं.

तुझी पुष्पावहिनी

घाटघर, १८ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

पत्र काल वाघबारशीलाच आलं. वाघोबाला खीर दाखवून झाली व्हती, पोरं वाघ होऊन नाचत व्हती आणि दादा त्यांना म्हणत व्हता, अरे, चाल चुकतीया तुमची. त्याला बाजूला घेऊन पत्र वाचलं. एकच भीती म्हणालात ना, तिथंच तो उठला. पिंजऱ्याचं वाक्य ऐकायला थांबलाच नाही. कपडे आमच्या ओढ्याकाठी सापडले. वहिनी, सांभाळा.

आपली निर्मला

पिंपरी पेंढार, २४ ऑक्टोबर

चि. सौ. निर्मलास अ. आ.

पोहोचले. पहिल्या अंघोळीच्या पहाटे गोठ्याच्या दारात येऊन बसले. पिंजऱ्याला वळसा घातला असावा. मी पाटाशी बोलावलं, दरसालासारखं तेल लावलं, उटणं चोळलं. डोळे मिटून घेतले त्यांनी. मान तर माझ्या मांडीवर टाकली. मी वाट पाहिली, पण माणूस काही झाले नाहीत. बहुतेक आता व्हायचं नाही.

दूधवाले यायच्या आत मीच म्हटलं, घाटघरच्या डोंगराला जा, तिथं पिंजरे नाहीत. गेले. रुसून गेले नाहीत, एवढं देवानं पदरात घातलं. किती बायकांना असा निरोप मिळतो?

तुझ्याकडे आले की लिही. कोणत्या रूपात ते नाही लिहिलंस तरी चालेल. आले, एवढं लिही.

तुझी पुष्पावहिनी