नॅपकिनचे आकडे आणि पश्चिमेची भिंत

तीर्थरूप मामांस,

भिंतीच्या डॉक्टरणीचा नमस्कार. (हे नाव तुम्हीच ठेवलंत. मावसभावाच्या लग्नात शंभर माणसांसमोर, लोक माणसांचे डॉक्टर होतात आणि आमची भाची भिंतीला ताप आलाय का बघते, असं म्हणालात. लोक हसले, मीही हसले, पण विसरले नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी मनाई करूनही तुम्ही शिडीवर चढून गच्चीवरची टाकी तपासता, असं मामी फोनवर सांगत होत्या. मी ठणठणीत आहे. वजन दोन किलो उतरलंय, पण ते रागाने, तेव्हा काळजी नसावी.

माझं संशोधन कशावर आहे, हे तुम्ही चार वर्षांत एकदाही विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगते. पर्यावरणपूरक म्हणून दारावर पाटी लावलेली इमारत, आत माणसं राहायला लागल्यावर खरंच तशी वागते का, एवढंच मी बघते. कागदावर वीज किती वाचणार होती आणि प्रत्यक्षात किती जळते. त्यासाठी मी आमच्याच विभागाची इमारत निवडली. एक तर ती जवळ, दुसरं म्हणजे तिचं काम तुमच्या देखरेखीखाली झालेलं, त्यामुळे घरचीच वाटली. तिचे सल्लागार आमचेच गाइड होते (पोरं त्यांना हरितसर म्हणतात), हे मला माहीत होतं, तरी निवडली. तेव्हा माझी अक्कल कुठे पेंड खायला गेली होती कोण जाणे.

पश्चिमेच्या खोल्यांत मी तापमान नोंदवणाऱ्या काड्यापेटीएवढ्या डब्या लावल्या. तीन महिने आकडे आले, आणि काय आकडे! भर उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता चोवीस अंश. त्याच वेळी त्याच खोलीत बसून मी घामाने निथळत होते आणि टेबलावरचा स्टेपलर हातात धरवत नव्हता. हरितसर मात्र हरखले. ते आकडे घेऊन एका परिषदेला गेले आणि टाळ्या घेऊन आले. मी म्हटलं, डबी खरी की घाम खरा? एका दुपारी स्टूल घेऊन वर चढले, तर डबीवर चार घड्या घातलेला ओला नॅपकिन. सगळ्याच खोल्यांत तसाच. आमच्या शिपाईकाकांना वाटलं होतं की हा तापाचा काटा आहे, आकडा चढला तर पोरगी नापास होणार. म्हणून बिचारे दिवसातून तीनदा पट्ट्या बदलत होते. रविवारीसुद्धा येऊन बदलत होते. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी त्यांना चहा पाजला, डब्या कोरड्या केल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात तीन महिने पुन्हा मोजलं. छत्तीस अंश आले.

आता हरितसरांना आनंद व्हायला हवा होता की नाही, खरं काय ते कळल्याचा? उलट ते म्हणाले, पहिले तीन महिने ठेवू, नंतरचे गाळू, त्यांचं चौथं प्रकरणच काढून टाक, वर्षाअखेर पदवी तुझ्या हातात. मी नाही म्हटलं. मग गेल्या गुरुवारी समितीपुढे उभी राहिले. पाच ज्येष्ठ मंडळी, आणि मी सरळ सांगितलं की सरांनी परिषदेत मांडलेले आकडे भिंतीचे नव्हते, नॅपकिनचे होते. आमच्याकडचे दिवे माणसाची हालचाल टिपून लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच, तुम्हीच बसवून घेतलेत. कुणी हललंच नाही, तेव्हा दिवे गेले. त्या बिनखिडकीच्या खोलीत मिट्ट काळोख. हात हलवला की दिवे लागणार, पण पहिला हात कोण वर करणार? वर केला तर माझ्या बाजूने केल्यासारखा दिसणार. पाच विद्वान अंधारात हाताची घडी घालून बसले. मीही हलले नाही, म्हटलं बघूया. शेवटी शिपाईकाका चहा घेऊन आत आले तेव्हा उजेड पडला.

समितीने पंधरा दिवस दिलेत. नकाशात पश्चिमेची भिंत दुहेरी आहे, मधे उष्णता अडवणारा थर आहे. अशी भिंत तापणारच नाही, मग तुझ्या डब्या खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. भिंत का तापते ते सिद्ध कर, नाहीतर चौथं प्रकरण काढ. काढणार नाही. पाचवं वर्ष जाऊ दे, सहावं जाऊ दे, केस पांढरे झाले तरी मी त्याच दारातून रोज आत जाईन आणि रोज मोजीन. नॅपकिनच्या जोरावर मला डॉक्टर व्हायचं नाही. आणि यात मला कुणाची मदतही नको, माझी मी समर्थ आहे. मामींना नमस्कार. शिडीवर चढू नका.

तुमची हट्टी भाची

ता. क. मदत नको म्हटलं ते खरंच, फक्त एक बारीकसं काम आहे. साइटवर तुम्ही रोज डायरी लिहायचात. पश्चिमेची भिंत बांधली त्या महिन्याची डायरी मिळाली तर बरं होईल.

ता. क. दुसरा. खोटं कशाला बोलू, ती मला मिळाली आहे. मामींनी कालच पानाचा फोटो पाठवला. तुमचंच ते वळणदार अक्षर: 'आज पश्चिमेची भिंत. सल्लागारसाहेबांनी मधला थर गाळायला सांगितलं. मी नाही म्हटलं. ऐकलं नाही. एकेरीच बांधली.' खाली तुमची सही. चार वर्षं तुम्ही माझ्या भिंतीबद्दल का विचारलं नाहीत, ते आता कळलं. हे पान समितीपुढे ठेवलं तर तुमचं नावही पुढे येईल, आणि बांधली कुणी असं लोक तुम्हालाच विचारतील. हरितसरांशी मी भांडू शकते, तुमच्याशी नाही, म्हणून विचारते. तुम्ही नको म्हणालात तर फोटो पुसून टाकीन आणि दुसरा पुरावा शोधीन, सापडेल तेव्हा सापडेल. पण मामा, त्या भिंतीपुढे नाही म्हणणारी आपल्या घरातली मीच पहिली, असं मला इतके दिवस वाटत होतं. पान ठेवू का?